झूमचा पहिला रोल

प्रश्न असा आला आहे. घरात मामांचा निकॉन एफएम२ आहे, त्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. आता ओळखीच्या एका गृहस्थांकडून ३५-१०५ मिमी, एफ/३.५-४.५ अशी जुनी निक्कोर झूम घेतली आहे. पटली नाही तर पंधरा दिवसांत ते परत घेणार आहेत. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे आणि त्यात ही झूम वापरायची आहे. फिल्म महाग, म्हणून एकाच रोलमध्ये लेन्स चांगली की वाईट हे कसं ठरवायचं?

एका रोलमध्ये ठरवता येतं, पण तो रोल तसा वापरावा लागतो. बहुतेक जण रोल घालतात, पुण्यात सारसबागेपासून झेड ब्रिजपर्यंत दिसेल ते टिपतात, आणि स्कॅन आल्यावर आठ-दहा फोटो मऊ दिसले की झूम बेकार म्हणून मोकळे होतात. मऊ फोटोमागे पाच जण असू शकतात: लेन्स, कॅमेऱ्याची बॉडी, फिल्म आणि तिचं डेव्हलपिंग, स्कॅनर, आणि आपला हात किंवा डोळा. या पाच जणांना एकेक करून बाजूला काढता आलं तरच चाचणी झाली म्हणायची. नाहीतर तुमच्याकडे फक्त छत्तीस फोटो असतात.

हे मी महागात शिकले. १९९४ पासून मी पुण्यात लग्न-मुंजींचे फोटो काढते आहे आणि पहिली बरीच वर्षं सगळं फिल्मवरच होतं. एका आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. मी नव्यानं घेतलेली ८०-२०० मिमी झूम लावून दोन दिवस नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या आसपास फिरले आणि तीन रोल संपवले. प्रिंट हातात आल्या तेव्हा लांबून काढलेल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत एकच प्रकार होता. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका बाईंच्या डोळ्यांवर मी फोकस केला होता. डोळे मऊ होते, तुळशीची पानं मऊ होती, आणि त्यांच्या मागच्या माणसाच्या सदऱ्याची शिवण मात्र टाक्यासकट दिसत होती. मी लेन्सला दोषी ठरवलं आणि तोटा सोसून ती विकली. दोन महिन्यांनी ५० मिमीनं एफ/२ वर एका बाळाचा फोटो काढला, तर त्यातही डोळ्यांऐवजी कानाची पाळी स्पष्ट आली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पालखीच्या आठवडाभर आधी मी कॅमेऱ्याची फोकसिंग स्क्रीन (जिच्यावर चित्र बघून आपण फोकस करतो ती आतली काच) काढून पुसली होती, आणि परत बसवताना तिची चौकट पूर्ण लागली नव्हती. फरक केसाएवढा होता. रोजच्या कामात तो कळला नाही, कारण ५० मिमीला एफ/८ वर दोन मीटरवरच्या माणसाच्या पुढेमागे मिळून पाऊण मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. २०० मिमीला एफ/४ वर चार मीटरवर तोच पट्टा १० सेंटिमीटरही नसतो. दोष आधीपासून होता, झूमनं तो फक्त उघडा पाडला. ती लेन्स निर्दोष होती, आणि ती विकल्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून पहिली गोष्ट. चाचणीच्या दिवशी मामांची ५० मिमी घरी ठेवू नका. तीच तुमची साक्षीदार आहे. झूमनं जे काढाल त्यातलं निवडक तिनंही काढायचं. दोन्हींत तोच दोष दिसला तर झूम सुटली.

आता रोल घालण्याआधी फुकटात काय काय तपासता येतं ते बघू. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो.

खोलीत अंधार करा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक; एफ/चा आकडा जेवढा लहान तेवढं ते मोठं) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च तिरका मारून पुढून बघा. आपल्या पावसाळ्यानं पुण्यातल्या किती कपाटांतल्या लेन्स खाल्ल्या असतील याची गणती नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. सगळ्या काचेवर दुधाळ पडदा दिसला तर हेझ. कडेनं तेलावर दिसतात तसे रंगीत पट्टे दिसले तर आत चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्या आहेत. धुळीचे चार-सहा कण मात्र सोडून द्या, फोटोत त्यांचं काही उमटत नाही. लोक धुळीवरून भाव पाडतात आणि हेझकडे बघतही नाहीत, हे मला नेहमी उलटं वाटतं.

मग रिंग एफ/१६ वर ठेवा आणि लेन्सच्या मागचा छोटा खटका बोटानं सरकवून सोडा. पाती टिचकी मारल्यासारखी झटकन मिटली पाहिजेत. आळसावल्यासारखी मिटली किंवा त्यांच्यावर तेलाची चमक दिसली तर रोल घालूच नका. फोटो काढताना पाती वेळेत मिटली नाहीत तर बारीक अॅपर्चरचे सगळे फोटो जास्त उजेडाचे येतील आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दोष देत बसाल.

ही झूम पुढेमागे ढकलायची आहे. एकाच रिंगनं फिरवून फोकस आणि सरकवून झूम. अशा लेन्स जुन्या झाल्या की सैल पडतात. तोंड खाली करून धरा. आपोआप घसरत असेल तर फार घाबरू नका, हातात धरून काम करताना डावा हात रिंगवर असतोच. पण ट्रायपॉडवर खाली बघून काम करायचं असेल तर ते त्रासाचं आहे. घसरणं वेगळं आणि पुढची नळी डावी-उजवीकडे हलणं वेगळं. नळी हलत असेल तर आतल्या काचा एका रेषेत राहत नाहीत, आणि तो दोष खरा.

आता कॅमेऱ्यावर लावा. एफएम२ला तुमच्या झूमसारखी एआय-एस (निकॉनच्या त्या काळच्या जोडणीची) लेन्स बिनदिक्कत चालते. गच्चीवर जा आणि शक्य तितक्या लांबची टोकदार वस्तू शोधा, एखादा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस. १०५ वर फोकस रिंग अनंताच्या चिन्हापर्यंत नेली की व्ह्यूफाइंडरमध्ये ती वस्तू तंतोतंत जुळली पाहिजे. मग फोकसला हात न लावता ३५ पर्यंत सरकवा आणि बघा, मधल्या वर्तुळातल्या दोन अर्ध्या रेषा अजून जुळलेल्या आहेत का. खऱ्या झूमचा फोकस सरकवताना टिकतो. टिकत नसेल तर कधीतरी ती आपटली असेल किंवा कुणीतरी उघडून नीट बसवली नसेल.

इथे एक मुद्दा ठासून सांगते, कारण यावर फार गैरसमज आहेत. तुमचा कॅमेरा एसएलआर आहे. जी लेन्स फोटो काढते तिच्यातूनच तुम्ही बघता. त्यामुळे उघड्या अॅपर्चरवर फक्त एकाच लेन्सचा फोकस मागे किंवा पुढे पडतो हे सहसा खरं नसतं. फोकस चुकीच्या जागी पडत असेल तर स्क्रीन किंवा आरसा सरकला आहे, आणि मग ते सगळ्याच लेन्सना होईल. किंवा डोळा चुकतो आहे. झूमवर डोळा चुकण्याची शक्यता जास्त, कारण १०५ ला ही लेन्स एफ/४.५ एवढीच उघडते. उजेड कमी असला किंवा डोळा जरा बाजूला गेला की मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. तेव्हा त्या वर्तुळाचा नाद सोडा आणि भोवतीच्या बारीक जाळीवर फोकस करा.

शेवटचं फुकटचं काम मीटरचं. एकसारख्या उजेडातल्या भिंतीसमोर उभं राहा. ५० मिमी एफ/८ वर आणि झूम ५० ला एफ/८ वर. दोन्ही वेळी व्ह्यूफाइंडरमधला मीटरचा मधला दिवा एकाच शटरला लागतो का बघा. अर्ध्या स्टॉपचा फरक सोडून द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मग झूम १०५ ला नेऊन परत बघा. उजेड थोडा कमी दाखवेल, ते बरोबरच आहे. ३.५ आणि ४.५ मधला पाऊण स्टॉपच्या आसपासचा फरक लेन्स झूमबरोबर सोबत नेते. म्हणून या लेन्सवर आधी झूम, मग मीटर. उलटं केलंत की चुकलात.

आता फिल्म. पुस्तकी सल्ला असा की चाचणी बारीक दाण्याच्या फिल्मवर, १०० स्पीडच्या, म्हणजे लेन्सची प्रत्येक खोट दिसते. मला तो तुमच्यासाठी पटत नाही. लग्नात तुम्ही ४०० ची कलर निगेटिव्हच वापरणार. तोच रोल आत्ता घाला, त्याच लॅबला द्या. ४०० च्या दाण्यात जी खोट लपते ती लग्नातही लपेल, आणि जी दिसते तिचाच तुम्हाला त्रास होणार आहे.

जागा माझ्या पसंतीची सांगते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याकडची तटबंदी. खाली दगड, वर विटा, आणि विटांच्या सरळ ओळीच ओळी. ही भिंत उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ तिच्यावर थेट ऊन नसतं, सपाट एकसारखा उजेड असतो. त्याचा दुहेरी फायदा होतो. सावल्या सरकत नाहीत, आणि ४०० च्या फिल्मवर अॅपर्चर पूर्ण उघडता येतं. कडक उन्हात ४०० ला एफ/१६ वर शटर ५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, लागतं. मोठं अॅपर्चर उघडायला गेलात तर हिशेब ८००० च्या आसपास जातो, आणि एफएम२ ४००० ला थांबतो. सावलीतल्या भिंतीवर एफ/८ ला २५० च्या आसपास मिळतं, म्हणजे दोन्ही टोकं हाताशी राहतात. बुरूज गोल आहेत, ते टाळा. मधला सपाट भाग धरा. पहाटेची गर्दी नसलेली वेळ बरी, पण पूर्ण उजाडू द्या. काम बाहेरच्या पटांगणातच करा. आत ट्रायपॉडला परवानगी लागते.

ट्रायपॉड लावा, भिंतीला अगदी समांतर उभे राहा आणि विटांची एक ओळ व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेला समांतर करा. शटर बोटानं दाबू नका, सेल्फ-टायमर लावा. एफएम२ मध्ये टायमर सुरू झाला की आरसा आधीच वर जातो, त्यामुळे त्याचा धक्काही फोटोत येत नाही. तुमचा हात आणि आरसा असे दोन संशयित एका झटक्यात बाहेर गेले.

पहिली फ्रेम वहीच्या पानाची. पानावर तारीख, जागा, लेन्स मोठ्या अक्षरात. फिल्म स्वतःहून काहीच लिहून ठेवत नाही, आणि चार दिवसांनी स्कॅन येतात तेव्हा कुठली फ्रेम ३.५ ची आणि कुठली ८ ची हे कुणालाच आठवत नाही. बाकी प्रत्येक फ्रेम काढल्याबरोबर वहीत उतरवायची: क्रमांक, किती मिमी, अॅपर्चर, शटर, हातात की ट्रायपॉडवर. मग ३५ ला पूर्ण उघडं आणि एफ/८. तसंच ५० ला, तसंच १०५ ला. नंतर मामांची ५० मिमी लावून एफ/४ आणि एफ/८. शेवटी झूमनं एक फ्रेम एफ/१६ ला, शटर त्या हिशेबानं कमी करून. या नऊ फ्रेममध्ये लेन्सचं बरंचसं चारित्र्य येतं.

तिथेच ट्रायपॉडवरून कॅमेरा काढा आणि १०५ ला हातात धरून तोच फोटो १२५, ६० आणि ३० वर काढा. हा भाग लेन्सचा नाही, तुमचा आहे. मिमीच्या आकड्याएवढं तरी शटर हवं हा जुना नियम बरोबर आहे, पण तुमच्या हाताला किती चालतं हे तुमचा हातच सांगेल. लग्नात हा आकडा लागणार आहे.

पुढचा भाग घरी, खिडकीशी. सात काडेपेट्या घ्या. टेबलावर तिरक्या मांडा, प्रत्येक आधीच्या पेटीपेक्षा २ सेंटिमीटर मागे, आणि लेबलं कॅमेऱ्याकडे. कॅमेरा ट्रायपॉडवर २ मीटरवर, लेन्स १०५ ला, अॅपर्चर ४.५. या अंतरावर स्पष्ट पट्टा १० सेंटिमीटरच्या आतबाहेर असतो, म्हणजे पुढची आणि मागची पेटी मऊ आणि मधल्या पाच बऱ्या आल्या पाहिजेत. मधल्या पेटीच्या अक्षरांवर फोकस करा आणि काढा. मग फोकस पूर्ण मोडून अनंताकडून परत या, काढा. मग जवळच्या बाजूनं या, काढा. तीन वेळा तीच पेटी स्पष्ट आली तर डोळा आणि स्क्रीन दोन्ही पास. तिन्ही वेळा मागची पेटी स्पष्ट आली तर माझ्या पालखीसारखं झालं असेल. कधी पुढची, कधी मागची असं झालं तर डोळा चुकतो आहे, चष्म्याचा नंबर तपासा. मग ५० मिमीनं एक मीटरवरून एफ/१.८ ला दोन फ्रेम. तिचा पट्टा तर त्याहून बारीक, चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साक्ष पक्की होते.

पर्वतीवर एक चक्कर मारा. दोन-तीन फ्रेम पुरेत. हवा स्वच्छ असेल तर सिंहगडावरचे टॉवर १०५ ला अनंतावर, आणि मावळतीच्या वेळी सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर ठेवून एकेक फ्रेम हुडसह (लेन्सच्या तोंडावर बसणारा, तिरका उजेड अडवणारा पट्टा) आणि हुडशिवाय. झूममध्ये काचा पुष्कळ असतात आणि प्रत्येक पृष्ठभाग थोडा उजेड परत फेकतो. जुन्या झूमचा सगळ्यात मोठा शत्रू हाच, धार नव्हे.

उरलेल्या फ्रेम दिवाणखान्यात फ्लॅश लावून घरच्यांवर घालवा, त्याचं कारण पुढे येईल.

आता लॅब. सांगून ठेवा की निगेटिव्ह परत हव्यात आणि स्कॅनला शार्पनिंग लावू नका. लॅबचं मशीन सवयीनं प्रत्येक फोटोला धार लावतं, आणि मग ३.५ आणि ८ मधला फरकच पुसला जातो. नुसते स्कॅन बघून निकाल देऊ नका. निगेटिव्ह बघायला लूप, म्हणजे छोटं भिंग, नसेल तर मामांची ५० मिमी उलटी डोळ्याला लावा, पाचपट मोठं दिसतं. उजेडासाठी मोबाइलवर पांढरा पडदा लावा, त्यावर थोड्या उंचीवर साधी काच आणि काचेवर निगेटिव्ह, म्हणजे खालचे पिक्सेल दिसत नाहीत. मी अजूनही घाईच्या वेळी असंच बघते.

इथे सावकाश बसा, सगळा खटला इथेच चालतो.

फोटो मऊ वाटला तर स्कॅन मोठा करून आधी दाणा बघा. फिल्मचा दाणा तीक्ष्ण, वेगळा दिसतो आहे आणि विटा मात्र मऊ? मग स्कॅनर निर्दोष, दोष कॅमेऱ्याच्या बाजूचा. दाणाच विरघळल्यासारखा दिसतो आहे? मग स्कॅनरचा फोकस चुकला आहे किंवा फिल्म वाकली होती. लेन्सवर एक शब्द बोलायच्या आधी तो स्कॅन परत करून घ्या. ही एक गोष्ट कळली असती तर कित्येक चांगल्या लेन्स बदनाम झाल्या नसत्या.

दाणा तीक्ष्ण असेल तर चमकणारे ठिपके शोधा. ठिपका ओढल्यासारखा छोटी रेघ झाला असेल आणि सगळ्या फ्रेमभर रेघा एकाच दिशेच्या असतील तर हात हलला. ठिपका गोल चकती झाला असेल आणि त्याच फ्रेममध्ये जरा पुढचं किंवा मागचं काही स्पष्ट असेल तर फोकस चुकला. भिंतीच्या फ्रेममध्ये मध्यभाग स्पष्ट, चारही कोपरे सारखेच मऊ, आणि एफ/८ ला ते सुधारलेले असतील तर हा जुन्या झूमचा स्वभाव आहे, दोष नाही. पण डावे कोपरे स्पष्ट आणि उजवे मऊ, तेही एफ/८ ला, असं दिसलं तर दोन शक्यता. तुम्ही भिंतीला समांतर नव्हता किंवा आतली काच कलली आहे. मामांच्या ५० मिमीची त्याच ट्रायपॉडवरची फ्रेम काढून बघा. तिचे कोपरे चांगले असतील तर लेन्स परत करा.

विटांच्या ओळी ३५ ला फुगीर दिसतील, मध्ये बाहेर आल्यासारख्या. १०५ कडे जाताना उलट्या, आत दबल्यासारख्या. हे झूमच्या रचनेतच असतं. माणसांच्या फोटोत ते जाणवतही नाही. कुणाला दरवाज्याच्या चौकटीशी उभं करायचं असेल तर ५० च्या आसपास राहा, एवढंच.

काळं काळं येत नसेल, सगळं फिकट आणि धुरकट वाटत असेल तर निगेटिव्हची कड बघा, फोटोच्या बाहेरची, जिथे आकडे छापलेले असतात. कड नेहमीसारखी स्वच्छ नारिंगी असेल आणि फोटोतली गडद सावलीची जागा मात्र तिच्यापेक्षा मळकट, भरलेली असेल तर उजेड लेन्सच्या आत भटकला. हेझ किंवा फ्लेअर. आणि कडही तेवढीच मळकट असेल तर फिल्म जुनी होती किंवा डेव्हलपिंग बिघडलं, लेन्सचा काही संबंध नाही. सूर्याच्या बाजूच्या फ्रेमवर फ्लेअर आला तर हुड लावा आणि सोडून द्या. भिंतीसमोर सावलीत उभं राहूनही तो येत असेल तर आत हेझ आहे.

एफ/१६ ची फ्रेम एफ/८ च्या फ्रेमपेक्षा निगेटिव्हवर स्पष्टपणे दाट दिसली तर पाती आळशी आहेत किंवा त्या शटरला बॉडी चुकते आहे. दुसरा संशय असेल तर ५० मिमीची त्या शटरची एखादी फ्रेम लागेल, म्हणून रोल संपवण्याआधी एक राखून ठेवा.

माझा हिशेब सरळ आहे. हेझ, एका बाजूचे मऊ कोपरे, झूम करताना न टिकणारा फोकस, आळशी पाती, हलणारी नळी: यांतलं एकही असलं तरी पंधरा दिवसांच्या आत परत द्या. दुरुस्ती होते, पण झूम उघडून परत रेषेत बसवणं हे ५० मिमी उघडण्यासारखं काम नाही, आणि लग्न पुढच्या महिन्यात आहे. पूर्ण उघडल्यावर थोडी मऊ, कोपऱ्यांत अंधारी, रेषा किंचित वाकवणारी, खाली तोंड केल्यावर घसरणारी असेल तर ठेवा. झूम म्हणजे कमअस्सल, ही समजूत ज्या काळातली आहे तो काळ वेगळा होता. स्थिर छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम बाजारात आली १९५९ मध्ये, फोक्टलेंडरची झूमार, ३६-८२ मिमी. निकॉनची ४३-८६ आली १९६३ मध्ये, खूप खपली, बरीच नावंही ठेवून घेतली, आणि पुढे तिची रचना बदलावी लागली. तुमची झूम त्यानंतर वीस वर्षांनी, १९८० च्या दशकात आली. एफ/८ ला ती चांगलं काम करते, मी तिच्यावर कितीतरी मुंजी काढल्या आहेत.

आता लग्न. कार्यालयातला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, फिल्मला नाही. ४०० वर एफ/४ ला ३० च्या आसपास शटर मिळालं तर नशीब समजा, आणि १०५ ला ते पुरत नाही. फ्लॅश लागणारच. म्हणून घरच्या फ्रेम राखायला सांगितल्या. फ्लॅशवरचा गाइड नंबर (फ्लॅशचा जोर; त्याला एफ/च्या आकड्यानं भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं) १०० स्पीडचा असतो. २८ चा फ्लॅश ४०० च्या फिल्मवर ५६ चा होतो, म्हणजे एफ/८ ला ७ मीटरपर्यंत पोचतो. पण रिंग ८ वर ठेवून १०५ ला गेलात की लेन्स प्रत्यक्षात एफ/१० सारखी वागते, आणि हाताने लावलेल्या फ्लॅशला ते कळत नाही. १०५ ला गेलात की रिंग अर्धा-पाऊण स्टॉप उघडायची. विसरलात तरी निगेटिव्ह सांभाळून घेईल, पण शालूच्या गडद रंगात खडखडीत दाणा दिसेल. साधे फ्लॅश बहुतेक ३५ मिमीपर्यंतच उजेड पसरवतात, आणि तुमच्या झूमचं रुंद टोक नेमकं तिथेच आहे, म्हणून कोपरे काळे पडतात का ते घरच्या फ्रेममध्ये बघून घ्या. १९८२ च्या पहिल्या एफएम२ला फ्लॅशचं सिंक, म्हणजे फ्लॅश चालेल असं सगळ्यात वेगवान शटर, २०० वर आणि १९८४ नंतरच्याला २५० वर आहे. १२५ वर ठेवलंत की कुठलाही असो, काळजी नाही.

आणि अंतरपाट. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की झूमवरचा हात काढा. त्या क्षणी लोक झूमशी खेळत बसतात, आणि अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, तेव्हा त्यांचा फोकस कुठेतरी मध्येच असतो. आधीच ३५ वर या, अंतर ३ मीटरवर लावा, अॅपर्चर ८. साधारण दोन ते सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फक्त बघायचं आणि दाबायचं. १०५ ठेवा आजीच्या चेहऱ्यासाठी, कन्यादानाच्या वेळी वडिलांच्या हातांसाठी. तिथे कुणी घाईत नसतं आणि तुम्हाला लांब उभं राहता येतं.

लॅबला चार-पाच दिवस लागतील आणि स्कॅन परत करून घ्यायची वेळ आली तर आणखी दोन. तेव्हा रोल याच रविवारी घाला, पुढच्या नको.